संथ झालेला संगणक: नवा घ्यावा की जुनाच सुधारावा?

घरातील डेस्कटॉप संगणकाचे बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पहिले पान उघडेपर्यंत किती वेळ जातो, हे एकदा मी घड्याळ समोर ठेवून मोजले, तेव्हा ६ मिनिटे ४० सेकंद भरले. संगणक जुना झाला, आता नवाच घ्यावा, असे घरातील सर्वांचे मत पडले आणि माझेही मत त्याहून फारसे वेगळे नव्हते. मात्र त्यावर होणारी कामे, म्हणजे मराठी टंकलेखन, हिशेब, छायाचित्रे साठवणे आणि व्हिडिओ कॉल, चार वर्षांपूर्वीही हीच होती आणि तेव्हा तो विनातक्रार चालत होता. त्यामुळे नेमका कोणता भाग मागे पडतो आहे, हे समजल्याशिवाय तो मोडीत काढणे मला पटेना.

इंटेलचा सातव्या पिढीतील कोअर आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० असे त्याचे स्वरूप होते. संगणक अडखळत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून कोणता भाग किती वापरात आहे हे दाखवणारा टास्क मॅनेजर मी उघडला. प्रोसेसरचा वापर १५ ते २० टक्क्यांच्या आसपास होता, रॅम जवळजवळ भरलेली होती आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के हा आकडा हलायलाच तयार नव्हता. त्याच वेळी डिस्कवरून प्रत्यक्षात वाचली जाणारी माहिती मात्र सेकंदाला दोन एमबीसुद्धा नव्हती, आणि मला सर्वांत उलगडा करून देणारी गोष्ट हीच ठरली.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारे हेड योग्य जागी सरकवायचे आणि हवा तो भाग फिरून त्याच्याखाली येईपर्यंत थांबायचे, असे प्रत्येक वेळी करावे लागत असल्याने इतस्ततः विखुरलेल्या लहान फायली सेकंदाला साधारण शंभरच वेळा वाचता येतात. संगणक सुरू होताना अशाच हजारो लहान फायली लागतात. म्हणून डिस्क पूर्ण गुंतलेली असूनही तिच्याकडून माहिती थेंबाथेंबाने येते. त्यात रॅम भरली की विंडोज तिच्यातील काही मजकूर याच डिस्कवर उतरवून ठेवते आणि लागेल तेव्हा परत वाचते. म्हणजे रॅमच्या कमतरतेचा भारही अखेर डिस्कवरच पडतो, आणि या दोहोंपैकी मूळ दोष कोणाचा, हे वरवर पाहून सांगता येत नाही.

तो वेगळा करण्यासाठी मी संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे सारे प्रोग्राम बंद केले आणि पुन्हा चाचणी घेतली. रॅमचा वापर अडीच जीबीच्या खाली आला, तरी डिस्क पहिली काही मिनिटे १०० टक्क्यांवरच राहिली. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने डिस्कच्या प्रकृतीची नोंद पाहिली, तेव्हा खराब झाल्यामुळे बाजूला काढलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरील माहिती साठवणाऱ्या लहान कप्प्यांची, संख्या ८ होती आणि आठवडाभराने ती १६ झाली. वेगाचा विचार तिथेच थांबवून मी आधी सर्व छायाचित्रे आणि कागदपत्रे बाह्य डिस्कवर उतरवली. हे काम मी पहिल्या दिवशीच करायला हवे होते, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

डिस्क बदलणे अटळ होते. प्रश्न उरला तो विंडोजचा. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचेच अधिकृतपणे चालतात. केवळ प्रोसेसर बदलावा, असा विचार माझ्या मनात आला, कारण दोन्ही पिढ्यांच्या सॉकेटचे, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेचे, नाव एलजीए ११५१ असेच आहे. परंतु नाव सारखे असले तरी आठव्या पिढीला मदरबोर्डवर ३०० मालिकेचा चिपसेट (प्रोसेसर आणि इतर भागांना जोडणारी चिप) लागतो आणि माझा मदरबोर्ड २०० मालिकेचा होता. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि सोबत आणखी काही बदलत जाणे म्हणजे तुकड्यातुकड्यांनी नवा संगणकच विकत घेणे झाले असते, म्हणून तो मार्ग मी सोडला.

मग मी सुधारणेचा प्रत्येक भाग पुढे कितपत उपयोगी पडेल, या कसोटीवर पाहिला. हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरती तबकडी नसलेली अडीच इंची साटा एसएसडी उद्या नव्या संगणकातही जोडता येते किंवा आवरणात घालून बाह्य डिस्क म्हणून वापरता येते, तेव्हा ती घेण्यात धोका नव्हता. माझ्या संगणकाला लागणाऱ्या डीडीआर४ रॅमचे तसे नाही. पुढच्या पिढीच्या डीडीआर५ च्या मदरबोर्डवर ती बसतच नाही. तरीही एक स्लॉट रिकामा होता आणि ४ जीबीमध्ये ब्राउझर व व्हिडिओ कॉल एकत्र नीट चालत नव्हते, म्हणून ८ जीबीची एकच पट्टी घेतली. विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठीही नोंदणी केली. ती केली तेव्हा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत होती.

वीजपुरवठा काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवली आणि दोन्ही भाग बसवले. जुन्या डिस्कवरील माहिती ३१० जीबी होती, त्यामुळे ५०० जीबीच्या एसएसडीवर तिचा क्लोन, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, मावला. क्लोननंतर संगणक सुरू केला, तर संथपणा जसाच्या तसा होता. सगळा खटाटोप वाया गेला असे वाटून मी खरोखर निराश झालो. पण संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावा हे ठरवणाऱ्या बायोसमध्ये जुनी डिस्कच पहिल्या क्रमांकावर राहिली होती. तिची केबल काढताच संगणक एसएसडीवरून सुरू झाला आणि ब्राउझरचे पान ४५ सेकंदांत उघडले.

व्हिडिओ संपादित करून अंतिम फाइल तयार करण्यास पूर्वीइतकाच वेळ लागतो, कारण ते काम प्रोसेसरचे आहे आणि प्रोसेसर तोच आहे. आमच्या घरात ते क्वचितच करावे लागत असल्याने सुरक्षा अद्यतने मिळत आहेत तोवर नवा संगणक घ्यायचा नाही, असे ठरले आहे. जुनी डिस्क मी लगेच टाकून दिली नाही. महिनाभर ती वेगळी ठेवली, छायाचित्रांचे फोल्डर एकेक उघडून फायलींची संख्या जुळवली आणि त्यानंतरच ती ई-कचऱ्यात दिली.