रताळ्याचा हॅश, प्रयत्न १४: फोड अखेर कुरकुरली!

मंडळी, जमलं! काल सकाळी उलथन्याने पहिली फोड उलटली तर ती तव्यापासून आपसूक सुटली. खालची बाजू खरपूस, कडा कडक. दाताखाली आधी कुर्र झालं आणि मग आतला मऊ, पिठूळ गर लागला. नाशिकच्या गंगापूर रोडच्या कॅफेत मिळतो तसा हॅश, म्हणजे तव्यावर खरपूस परतलेल्या फोडी, घरी जमवायचा माझा हा खटाटोप; त्याच्याशी तुलना केली तर सोळा आण्यांतले चौदा आणे. उरलेल्या दोन आण्यांचं खाली लिहिते.

प्रयत्न १३ पर्यंतची अडचण तुम्हाला ठाऊक आहेच. बटाट्याची रीत रताळ्याला लावली की एक तर फोडी बाहेरून करपतात आणि आत कच्च्या राहतात, नाही तर आत शिजेपर्यंत सगळ्याचा लगदा होतो. दोघांना आपण एका टोपलीत ठेवतो, पण बटाटा वांग्याच्या कुळातला आणि रताळं गारवेलीच्या. रताळ्यात स्टार्च तोडून माल्टोज साखर करणारं एन्झाइम भरपूर असतं. फोड हळूहळू तापली की साधारण ६५ ते ७५ अंशांच्या पट्ट्यात ते जोरात काम करतं. म्हणजे मंद आचेवर जितका वेळ काढावा तितकी साखर वाढते, आणि साखर वाढली की आत शिजायच्या आधीच बाहेर काळं पडतं. मी तीन महिने आच कमी करत होते, तिथेच चुकत होतं.

दुसरी गोष्ट पेक्टिनची. फोडीचा आकार धरून ठेवणारं पेक्टिन उकळत्या पाण्यात विरघळतं. पण त्याआधी फोडी ६० अंशांच्या आसपास ठेवल्या तर रताळ्यातलंच दुसरं एक एन्झाइम पेक्टिनला असं बदलतं की त्यातल्याच कॅल्शियमशी ते घट्ट बांधलं जातं. त्या तापमानाला स्टार्च अजून फुललेला नसतो, त्यामुळे साखरही फारशी वाढत नाही. म्हणून या वेळी दीड सेंटिमीटरच्या फोडी ६० अंशांच्या पाण्यात ४० मिनिटं ठेवल्या. मग थेट खळखळत्या पाण्यात ३ मिनिटं, लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घालून, कारण आम्लात पेक्टिन लवकर सुटत नाही. पाणी जोरात उकळतंच हवं, म्हणजे तो ६५-७५ चा पट्टा झटकन ओलांडला जातो. नंतर सुती पंचावर पसरून अर्धा तास पंख्याखाली, आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघड्या ताटात.

प्रयत्न ९ मधला खाण्याचा सोडा कायमचा बाद. बटाट्याला तो खडबडीत साल आणतो, रताळ्याचा मात्र चिखल करतो.

थर्मामीटरबद्दल एक. उकळत्या पाण्यात माझं ९८ दाखवत होतं, म्हणून ते बिघडलंय असं धरून मी सगळे आकडे दोनाने वाढवून लिहीत होते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं! थर्मामीटर बरोबर होतं. जुन्या नोंदींतले आकडे दोनाने कमी करून वाचा.

तवा बिडाचाच. नॉनस्टिकवर इतका खरपूस रंग मला एकदाही मिळाला नाही. ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या तव्याचा तळ मधोमध फुगलेला निघाला आणि तेल कडेला पळायचं. दुसरा भांडी बाजारात हाताने ठोकून, पालथा घालून बघून घेतला. जड आहे, पण शेंगदाण्याचं तेल पाजून आठवड्यात तयार झाला. अर्धा किलो फोडींना दोन चमचे तांदळाची पिठी चोळायची, मध्यम आच ठेवायची आणि पहिली चार मिनिटं हात लावायचा नाही. मीठ उतरवताना.

रताळी बुधवारच्या बाजारातली, गंगेवरची (म्हणजे आमच्या गोदाकाठची). नेहमीच्या मावशींना सांगितलं, "केशरी गराची द्या." त्या म्हणाल्या, "ताई, भाजून खायची तर ती न्या. तळायला ही लाल सालीची, पांढऱ्या गराची घ्या, कोरडी असतात." मावशींचंच खरं ठरलं. भू सोनासारख्या केशरी वाणात बीटा कॅरोटीन भरपूर, रंगही सुंदर, पण माझ्या तव्यावर केशरी गर दर वेळी जास्त पाणी सोडतो. आणि कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठली की शिजवूनही आतला भाग टणक राहतो.

कांदा, सिमला मिरची, वरून अर्धवट शिजलेलं अंडं, यात काही नवीन नाही. उरलेले दोन आणे धुरकट वासाचे. निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार दिला तर डाळीसारखा वास आला. पुढच्या वेळी सिमला मिरचीच थेट जाळावर भाजून घालणार.

इथवर लिहिलं आणि सासूबाई डोकावल्या. चाळीस मिनिटं थर्मामीटर धरून बसायचं ऐकून म्हणाल्या, "अगं, पेठ्याचं कोहळं चुन्याच्या निवळीत टाकतात ना? म्हणून तर पाकात उकळूनही फुटत नाही. रताळ्याला लावून बघ की."

हे मला तीन महिन्यांत सुचलं नाही! चुना म्हणजे कॅल्शियमच. मी रताळ्यातल्या थोड्याशा कॅल्शियमवर अवलंबून होते, ते बाहेरून देता येईल. त्यामुळे प्रयत्न १५ मध्ये ठरवलेली केशरी-पांढरी तुलना पुढे ढकलतेय. त्याऐवजी दोन वाट्या: एक ६० अंशांच्या पाण्यात, दुसरी खायच्या चुन्याच्या निवळीत तासभर, मग तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुऊन. उकळणं, वाळवणं, तवा दोन्हींना सारखं. जमलं तर आईंसाठी एकादशीचा प्रकार: व्हिनेगरऐवजी लिंबू, पिठीऐवजी भगरीचं पीठ, तेलाऐवजी तूप, कांदा-अंडं नाही, वरून दाण्याचं जाडसर कूट.

निवळी आजच लावून ठेवतेय. पेठा घरी करणारं कुणी असेल तर एका लिटरला चुना किती घेता ते आज रात्रीपर्यंत सांगा, फोडी उद्या सकाळी चिरणार आहे.