इमॅक्स मोडची प्रगती: तारका लपल्या, घड्या जमल्या

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये साध्या टेक्स्ट नोंदींसाठी लिहायला घेतलेला मायनर मोड (मुख्य मोडच्या जोडीला चालणारी छोटी सोय) आता रोजच्या वापरात आला आहे. ठळक शब्दाभोवतीच्या तारका दिसत नाहीत, मथळ्यावर टॅब दाबली की खालचा भाग दुमडतो. फाइलमधलं एकही अक्षर हलत नाही; लपवालपवी पडद्यापुरतीच. ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तारकांसाठी ‘इन्व्हिजिबल’ ही टेक्स्ट प्रॉपर्टी (अक्षरांनाच जोडलेला गुणधर्म) ठेवली आणि घड्यांसाठी ओव्हरले, म्हणजे मजकुरावर वरून घातलेला थर. काय लपवायचं ते सांगणाऱ्या बफर-इन्व्हिजिबिलिटी-स्पेक या यादीत दोघांची चिन्हं वेगळी आहेत. घडीच्या चिन्हाला ‘टी’ (म्हणजे ‘हो’) जोडला की तिथे तीन टिंबं दिसतात, तारकांना तो जोडलेला नाही. वाक्याच्या मध्येच टिंबं आली तर वाचायचं कसं!

खरी मेहनत कडांवर आहे. टेक्स्ट प्रॉपर्टी मागच्या बाजूने चिकट असते, म्हणजे लपलेल्या तारकेपुढे टाइप केलेलं अक्षरही अदृश्य होऊ शकतं. म्हणून हा चिकटपणा काढणारं रिअर-नॉनस्टिकी लावणं भागच आहे. शिवाय मजकुराला रंगरूप देणाऱ्या फाँट-लॉकच्या एक्स्ट्रा-मॅनेज्ड-प्रॉप्स या यादीत ‘इन्व्हिजिबल’ घातलं, आता तारका खोडल्या की जुनी प्रॉपर्टीही पुसली जाते. घडीचा ओव्हरले करताना फ्रंट-अॅडव्हान्स (त्याच्या सुरुवातीला लिहिलेलं आत न घेण्याचा पर्याय) दिला, त्यामुळे मथळ्याच्या शेवटी लिहिलेलं बाहेरच राहतं.

कर्सर शब्दात शिरला की तेवढ्याच शब्दाच्या तारका उघडतात. हे काम प्रत्येक आज्ञेनंतर चालणाऱ्या पोस्ट-कमांड-हुकवर चालतं. अख्खी ओळ उघडली तर मजकूर फार उड्या मारतो, ते डोळ्यांना सोसत नाही. शोधासाठी ओव्हरलेवर आयसर्च-ओपन-इन्व्हिजिबल ही प्रॉपर्टी आहे, त्यामुळे घडीतला शब्द सापडला की घडी आपोआप उघडते.

इमॅक्समधल्या ऑर्ग मोडने (नोंदी आणि आराखड्यांसाठीचा मोड) 2022 मध्ये, 9.6 आवृत्तीत, घड्याही टेक्स्ट प्रॉपर्टीवर नेल्या. मोठ्या फाइलींत हजारो ओव्हरले इमॅक्सला जड जात, हे त्यामागचं कारण. इमॅक्स 29 पासून ओव्हरले संतुलित ट्रीमध्ये (झाडासारख्या फांद्यांच्या रचनेत) साठवले जातात, त्यामुळे तो भार बराच हलका झाला. माझ्या नोंदी छोट्या आहेत, मी ओव्हरलेच ठेवणार.

पुढचं काम कंट्रोल-केचं. ही आज्ञा दिसणाऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत कापते, म्हणजे दुमडलेल्या मथळ्यावर ती चालवली की आतला सगळा मजकूरही जातो. ऑर्गमध्ये यासाठी राखण आहे. माझ्या मोडमध्ये अशा वेळी आधी घडी उघडेल आणि मगच कापायचं का, हे विचारेल.