अप्पर डेकच्या आठवणी

परवा दुपारी शेजारचा मुलगा कुत्र्याला बांधायला पट्टा मागायला आला. जेवून नुकता आडवा झालो होतो, पण पोराला नाही कसं म्हणणार? माळ्यावर काहीतरी असेल म्हणून शिडी लावली, आणि हाताला लागला तो आमच्या होल्डॉलचा पट्टा. होल्डॉल कधीच जीर्ण होऊन गेला, पट्टा तेवढा उरला. पितळी बकल हिरवं पडलेलं, चामडं सुकून पापडासारखं. शेवटचं भोक कंपनीचं नव्हे, सुरीने पाडलेलं. कारण आई त्या होल्डॉलमध्ये चादरी-उशांच्या आत सोलं, कुळीथ आणि एकदा तर पाटा-वरवंट्यातला वरवंटाही कोंबून मुंबईला घेऊन गेली होती.

कुत्र्याला पट्टा दिला नाही. मुलगा सुतळी घेऊन गेला आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

होल्डॉल म्हणजे प्रवासातलं अंथरूण, असं ज्यांना वाटतं ते मुंबई-गोवा बोटीने गेलेले नाहीत. बोटीवर होल्डॉल म्हणजे सातबारा. आपल्या गोव्याच्या भाषेत एक-चौदाचा उतारा. भाऊच्या धक्क्यावर आत सोडायला लागले की हमाल तुमचा होल्डॉल डोक्यावर घेऊन सुसाट पळायचा, त्याच्यामागे वडील, वडिलांमागे ट्रंक, आणि सगळ्यांत शेवटी एका हाताला मी नि दुसऱ्या हाताला पाण्याचा फिरकीचा तांब्या घेतलेली आई. हमालाने लोअर डेकवर जिथे होल्डॉल उलगडला तेवढी जमीन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आमची. मग हद्दीचे वाद. "अहो, तुमची चादर आत आलीय." "आमची नाही आली, तुमची पेटी बाहेर गेलीय." दहाला बोट सुटायची. मुंबई दिसेनाशी होईपर्यंत भांडणं मिटायची आणि दुपारी त्याच हद्दीवरून तळलेल्या बांगड्याची देवाणघेवाण सुरू व्हायची.

आम्ही राहायचो मुंबईत गिरगावात, आजोळ गोव्यात पेडण्याकडे. मे महिना लागला की बोट. त्यामुळे आमच्या घराण्यात बोटीच्या गोष्टींना तोटा नाही, आणि त्या सांगण्याचा मक्ता बंडूकाकांकडे. काका बँकेत साहेब होते, त्यामुळे ते अप्पर डेकने यायचे. कोणाचंही लग्न असो, मुंज असो, पंगत उठली की काका सुरू: काय ती चांदणी रात्र, काय तो वारा, रत्नागिरीचा दिवा लांबून कसा डोळा मारायचा, विजयदुर्ग अंधारात कसा उभा असायचा, आणि पहाटे आग्वादचं दीपगृह दिसलं की छातीत कसं व्हायचं. ऐकणारी पोरं अवाक. मग काका उसासा टाकून म्हणणार, "गेले ते दिवस."

एकदा आईने मागून खणखणीत आवाजात विचारलं, "कुठे गेले? मी तर अजून वास विसरले नाही."

कारण आई लोअर डेकवर होती. तिथे चांदणं येत नसे. तिथे खालून इंजिनाची धग येई, तेलाचा वास येई, आणि हर्णैच्या पुढे बोट जरा डुलायला लागली की आणखी एक वास येई ज्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना बोट लागली आहे त्यांना ते नको आहे, आणि ज्यांना लागली नाही त्यांना ते कळणार नाही. आईच्या कनवटीला आलेपाकाच्या वड्या आणि कापलेलं लिंबू असायचं. ते हुंगत ती बावीस तास एका कुशीवर पडून राही. माझं डोकं एका वर्षी कोणाच्या तरी शिलाई मशीनच्या पायदानात होतं. रात्रभर बोट डुलली की पायदान हलायचं आणि कानाशी कूं-कूं वाजायचं. बोट म्हटलं की बंडूकाकांना रत्नागिरीचा दिवा आठवतो, मला ते कुंकुणं ऐकू येतं.

तेव्हापासून माझं एक खाजगी मत बनलं आहे, आणि ते मी कुठल्याही लग्नात सांगत नाही: आपल्याकडे बोटीच्या म्हणून ज्या रम्य आठवणी फिरतात त्या सगळ्या अप्पर डेकच्या आहेत. खालचे लोक ओकत होते. ओकणारा माणूस आठवणी लिहीत नाही.

कंपनी कोणती, हे मात्र वरच्यांना आणि खालच्यांना सारखंच ठाऊक नव्हतं. आजी शेवटपर्यंत "शेफर्डची बोट" म्हणायची. तिच्या लहानपणी किनाऱ्यावर ते नाव चलनात होतं, आणि पुढे कंपन्या कितीही बदलल्या तरी तिच्या लेखी समुद्रात धूर सोडणारं जे जे काही ते शेफर्डचं. याच शेफर्डच्या एका बोटीचं नाव होतं 'वैतरणा'. आता वैतरणा ही मुंबईच्या उत्तरेकडची नदी, हे मान्य. तरी बोटीला हे नाव ठेवताना कंपनीत एकही हिंदू कारकून नव्हता का, जो हळूच म्हणेल, साहेब, हे नको? १८८८ च्या नोव्हेंबरात ती कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याला वादळात सातशेहून अधिक माणसांसकट नाहीशी झाली. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला विजळी म्हणत.

मग नाव ऐकू येऊ लागलं बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनचं, कारभार किलिक निक्सनचा. गोऱ्यांच्या कंपनीपुढे देशी भांडवलाची सहकारी आगबोट कंपनी उभी राहिली. तिला लोक प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. बोटींना साधुसंतांची नावं देण्याची टूमही निघाली. भाविक माणूस तिकीट काढताना आपोआप हात जोडेल, आणखी काय हवं? पण समुद्राला संतांचं काही नाही. 'जयंती' आणि 'तुकाराम' ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, दोन्ही एकाच दिवशी बुडाल्या. आणि 'रामदास' तर सगळ्यांनाच माहीत आहे. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. काश्याच्या खडकाजवळ लाट आली, माणसं एका अंगाला धावली, बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, म्हणून मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं ते ठिकाण. वाचले त्यांतल्या कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी मचव्यांत ओढून घेतलं. आजोळी पावसात बोटीचा विषय निघाला की आजी नुसती "रामदास" एवढंच म्हणायची आणि उठून आत जायची.

आणखी एक नाव माझ्या मनात घर करून आहे, 'प्रभावती'. आमच्या एका आत्याचं नाव प्रभावती, म्हणून असेल. किनाऱ्यावरच्या बोटींची नावं एकूणच घरातल्या बायकांसारखी असायची: प्रभावती, चंद्रावती, रोहिणी, सरिता. तर ही प्रभावती दुसऱ्या महायुद्धात नौदलाने गस्तीला घेतली. डिसेंबर १९४१ मध्ये ती बार्जेस ओढत कराचीकडे चालली होती. रात्रीची वेळ, आपल्या दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या खाली ते अंजदीव बेट आहे ना, त्याच्या आसपास. एचएमएस ग्लासगो या ब्रिटिश युद्धनौकेला अंधारात तो आकार जपानी पाणबुडीचा वाटला आणि तिने तोफा डागून आपलीच बोट बुडवली. जपान युद्धात उतरून जेमतेम एक-दोन दिवस झाले होते, त्यामुळे जो तो पाणबुड्या पाहत होता. काणकोणला जायचं झालं की पोळेपर्यंत मी मुद्दाम जातो. तिथून समुद्र दिसतो, दुपारी फार तळपतो, आणि प्रभावतीविषयी तिथे काहीही लिहिलेलं नाही.

१९५५ नंतर गोव्याची वाट बंद झाली. पोर्तुगीज इकडे, भारत तिकडे, नाकेबंदी मध्ये. आमच्या आजोबांची बोट वेंगुर्ल्याला संपायची. वेंगुर्ल्याला धक्क्याला बोट लागत नसे. ती लांब समुद्रात उभी राहायची आणि पडाव, म्हणजे छोट्या होड्या, न्यायला यायचे. शिडीच्या खालच्या पायरीवर उभं राहायचं, पडाव लाटेबरोबर वर आला की पाऊल टाकायचं. खाली जाताना टाकलं तर मेलात. हे गणित खलाशाला कळायचं, आपल्याला नाही. तो दंडाला धरून वाट बघायचा, बघायचा, आणि मग "हां!" म्हणून ढकलून द्यायचा. पोरांना तर भोपळ्यासारखं वरून खाली फेकत. हे मी पुढे, गोवा मुक्त झाल्यावर, पुष्कळदा बोटीवरून पाहिलं, कारण आम्ही थेट पणजीपर्यंत जाणारे. पणजीला मांडवी नदीत बोट सरळ धक्क्याला लागायची आणि माणूस माणसासारखा चालत उतरायचा. पणजीकरांचा तो एक माज होता. समोर आदिलशहाचा वाडा, मग गॅसोलिनमधून, म्हणजे लाँचमधून, पलीकडे बेती, मग कारेर, म्हणजे बस. मांडवीवर पूल तेव्हा नव्हता. तो नंतर झाला आणि ८६ च्या जुलैत पडलासुद्धा.

तोवर बॉम्बे स्टीम सिंदियात विलीन झालेली. सिंदिया म्हणजे वालचंद हिराचंदांची, जिच्या 'लॉयल्टी'ने ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडची वाट धरली, तो दिवस आपण आता सागरी दिन म्हणून पाळतो. लंडनला जाणाऱ्या कंपनीला हर्णै-जैतापूरचा तोटा किती दिवस परवडणार! १९६४ मध्ये ही सेवा आपल्या गोव्याच्या चौगुल्यांनी घेतली. 'रोहिणी' आणि 'कोकण सेवक' ही आमच्या पिढीची नावं. १९७३ मध्ये चौगुल्यांनी सोडलं आणि आली सरकारी मोगल लाइन. ही कंपनी मूळची १८७७ ची, आणि तिची ख्याती हाजींना जेद्दाला नेण्याची. म्हणजे जेद्दाचे हाजी आणि मंगेशीचे महाजन एकाच कंपनीच्या हवाली. वडिलांना ही गोष्ट फार आवडायची. "पोचवतात ना? मग झालं," म्हणायचे.

त्याच सुमारास अप्पर डेकवर हिप्पी आले. खाली आमच्याकडे कुजबुज पोचली की वर माणसं आंघोळ न करता गिटार वाजवतात. एका संध्याकाळी त्यांतला एक, दाढीवाला, गळ्यात मणी, जिन्यावरून घसरत खाली आला आणि आमच्या होल्डॉलच्या कडेला मटकन बसला. चेहरा हिरवागार. आईने पाहिलं, काही बोलली नाही, कनवटीचं लिंबू काढून त्याच्या नाकाशी धरलं. तो घंटाभर तिथेच पडून राहिला. हद्दीच्या आत. वडिलांनी घसा खाकरला, तर आई म्हणाली, "राहू दे. वरच्यांनाही लागते म्हणायची."

ही गोष्ट मी बंडूकाकांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, छे, त्या वर्षी समुद्र अगदी तेलासारखा होता.

बोटी ऐंशीच्या दशकात बंद पडल्या. रात्री बसलं की सकाळी पणजीला सोडणाऱ्या लक्झरी बसगाड्या आल्या, आणि पावसाळाभर बंद राहणाऱ्या बोटीचं कोण ऐकणार? ९४ मध्ये दमानियांची कॅटामरान आली, सात-आठ तासांत गोवा. खिडक्या बंद, थंडगार, वर-खाली काही नाही. लागायची मात्र तशीच. ती गेली. ९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि विषय मिटला. २०१८ ला 'आंग्रिया' क्रूझ आली, पोहण्याचा तलाव वगैरे घेऊन. समुद्रात जाऊन तलावात पोहायचं! असो. तीही गेली. आता मांडवीत बोटी आहेत, भरपूर आहेत, रात्री डोळे दिपतात इतक्या उजळलेल्या आहेत. फक्त त्या कुठे जात नाहीत. कॅसिनोला जायचं कुठे असणार?

तर त्या दिवशी झोप गेली म्हणून मी पट्ट्याचा फोटो काढून आमच्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत बंडूकाकांचं चांदणं, रत्नागिरीचा दिवा, सगळं येऊन पडलं. मग बोरिवलीच्या भाच्याने टूम काढली की आपण सगळ्यांनी मिळून एक क्रूझ करू, जुन्या दिवसांसाठी. ज्यांनी आयुष्यात बोट पाहिली नाही त्यांनी आधी हो म्हटलं. समुद्राकडची खोली, बिनसमुद्राची खोली, बाल्कनीवाली खोली, असे दर आले. काकांनी लगेच बाल्कनी सांगितली.

आईला मी सगळं वाचून दाखवलं. ती अंगणात सोलं वाळत घालत होती. हात न थांबवता तिने एकच विचारलं, "संडास कसे आहेत ते विचार."

मी ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. आज चौथा दिवस. बाल्कनीला सात मतं पडली आहेत. त्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.