लढाईवरून आलेल्याचं कोण ऐकतं?

सैनिक मनावर कसलं ओझं घेऊन घरी येतो, हे लढाईच्या वर्णनात फारसं सापडत नाही. ते बघायचं असेल तर घरी आल्यावर तो कुणाशी बोलतो, कुठे अडतो आणि समोरचं माणूस तेव्हा काय करत असतं, यावर नजर ठेवावी. युद्धावरचं जे साहित्य टिकलं आहे, त्यात ऐकणारं माणूस जवळजवळ नेहमी चुकीचं तरी असतं, नाहीतर नसतंच.

अमेरिकी लेखक हेमिंग्वेची ‘सोल्जर्स होम’ ही 1925 मधली कथा घ्या. जेमतेम काही पानांची. कथेचा नायक क्रेब्स पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये सैन्यात जातो आणि 1919 च्या उन्हाळ्यात परततो. तो उशिरा परततो, आणि पुढचं सगळं यातूनच घडतं. आधी आलेल्यांचे हारतुरे, सत्कार उरकलेले असतात. सुरुवातीला क्रेब्सला बोलायचं नसतं. पुढे बोलावंसं वाटू लागतं, तोवर गावाला ऐकण्याची गरज उरलेली नसते. शत्रूच्या अत्याचारांच्या इतक्या रंगवलेल्या हकिकती गावानं पचवलेल्या असतात की खरं बोलणं त्यांच्यापुढे अळणी ठरतं. मग कुणीतरी ऐकावं म्हणून तोही थोडं वाढवून सांगतो. मोठं खोटं नाही, दुसऱ्यानं केलेलं स्वतःच्या नावावर घालण्याइतकंच.

आणि इथे त्याचं खरं नुकसान होतं. लढाईत आपण नीट वागलो होतो, या आठवणीवर तो आतून उभा होता. दोनदा खोटं सांगितल्यावर ती आठवणच नासते. हेमिंग्वेनं या कथेत एक स्वप्न दाखवलेलं नाही, एक किंकाळी नाही. जखम आघाडीवर झाली की गावात, याचं उत्तर मात्र गावाकडे बोट दाखवतं.

मग नाश्त्याच्या टेबलावरचा प्रसंग. आई कामधंद्याचा विषय काढते, बरोबरीची मुलं मार्गाला लागली म्हणते. तिचं चुकतं असं कुणी म्हणू नये, आपल्याकडची कुठलीही आई हेच म्हणेल. क्रेब्स बशीतल्या बेकनवरची चरबी थिजताना बघत बसतो. तुझं आईवर प्रेम नाही का, असं ती विचारते. तो नाही म्हणतो, माझं कुणावरच प्रेम नाही म्हणतो. ती रडू लागते तेव्हा तो शब्द मागे घेतो. ती गुडघे टेकून प्रार्थना करायला सांगते, तोही टेकतो, पण त्याच्या तोंडून प्रार्थना निघत नाही. भावना बधिर होणं म्हणजे काय, हे त्या थिजणाऱ्या चरबीवरून जितकं कळतं तितकं लांबलचक मनोविश्लेषणातून कळत नाही.

व्हिएतनाम युद्धावरच्या, टिम ओब्रायनच्या ‘द थिंग्ज दे कॅरिड’ (1990) मध्ये वेगळी रीत आहे. शीर्षककथा म्हणजे चक्क वजनांची यादी. रेडिओ बॅटरीसकट 26 पौंड. एम-60 मशीनगन, गोळ्या न भरता, 23 पौंड. लेफ्टनंट क्रॉसला एका मुलीकडून आलेली पत्रं 10 औंस. आकड्यांनी वाचकाचा विश्वास बसला की त्याच यादीत, त्याच कोरड्या वाक्यात भीती, शोक, लाज येऊन बसतात. वाक्याची ठेवण बदलत नाही, म्हणूनच त्यांचंही वजन जाणवतं. नक्कल करणारे नेमके इथे घसरतात: भावनेपाशी पोचले की भाषा भरजरी करतात, आणि तराजू हातातून सुटतो.

त्याच पुस्तकातल्या ‘स्पीकिंग ऑफ करेज’ मध्ये नॉर्मन बोकर घरी आला आहे. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, 4 जुलै. तो बापाची शेवरले घेऊन गावच्या तळ्याभोवती फिरतोय. फेरी सात मैलांची, आणि फेरीवर फेरी. त्याला सात पदकं मिळालेली आहेत. आठवं, सिल्व्हर स्टार, थोडक्यात हुकलं, कारण मैलापाण्याच्या शेतात बुडणाऱ्या कायोवा या साथीदाराचा बूट त्याच्या हातात होता आणि त्या दुर्गंधीत त्यानं तो सोडला. हे बापाला कसं सांगायचं, याची तो मनातल्या मनात तालीम करतो. बाप घरी टीव्हीवर बेसबॉल बघतोय. वाटेत खाण्याच्या एका ठिकाणी गाडीतूनच ऑर्डर देण्याचं यंत्र आहे. त्यातला अनोळखी आवाज त्याला विचारतो, तुला खरंच काय हवंय, सांग. संपूर्ण कथेत ऐकायला तयार झालेला जवळजवळ हा एकच जीव! बोकर क्षणभर थांबतो आणि काही नाही म्हणतो.

पुढच्याच ‘नोट्स’ या प्रकरणात कथेचा जन्म सांगितला आहे, आणि लिहिणाऱ्यानं ते जरूर वाचावं. बोकरनं लेखकाला हातानं लिहिलेलं 17 पानी पत्र धाडलेलं असतं. त्यावरून झालेल्या पहिल्या कथेत ते शेत आणि कायोवाचा मृत्यू दोन्ही गाळलेले. बोकरची तक्रार थेट असते: यात व्हिएतनाम कुठे आहे? म्हणजे लेखकानंही त्याचं अर्धंच ऐकलेलं. त्या पत्रानंतर तीन वर्षांनी बोकर स्वतःला संपवतो. पुस्तकात सत्य आणि कल्पित यांची सरमिसळ मुद्दाम केलेली आहे, तरी गाळण्याची ही चूक खऱ्या लेखकांकडून रोज होते. सैनिकाचं दुःख घेतात, लाज गाळतात.

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’ (1925) मधला सेप्टिमस, पहिल्या महायुद्धातून परतलेला सैनिक, तर डॉक्टरांच्याच हाती सापडतो. एक म्हणतो, काहीही झालेलं नाही. दुसरा पाऊण तासात निकाल देतो. वैद्यकशास्त्राच्या अमेरिकी वर्गीकरणात या त्रासाला पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) हे नाव 1980 मध्ये आलं, साहित्य त्याच्या कितीतरी पुढे होतं. बॉस्टनमध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांनी 1994 मध्ये ‘इलियड’ हे ग्रीक युद्धकाव्य आणि आपले रुग्ण शेजारी ठेवून पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की विश्वासाचं माणूस ऐकायला मिळालं आणि ते ऐकणं समाजानं आपलं मानलं, तरच सावरण्याला सुरुवात होते.

आता आपला युधिष्ठिर. गंगेवर तर्पण करताना कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ. शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच तो नारदांना म्हणतो, हा जय मला पराजयासारखा वाटतो. राज्य नको, वनात जातो. त्याचं बोलणं सगळे ऐकतात, पण कुणी त्यावर थांबत नाही. अर्जुन व्यवहार सांगतो, भीम टोचतो, द्रौपदी राजधर्म ऐकवते, व्यास समजूत घालतात. मग शरशय्येवरच्या भीष्मांचा उपदेश, आणि तो दोन पर्वं पुरतो. एवढं ऐकून झाल्यावर काय होतं? आश्वमेधिकपर्व उघडतं आणि युधिष्ठिर भीष्मांना पाणी देऊन गंगेच्या काठी पुन्हा कोसळतो. उपदेश उत्तम होता, पण ज्याच्यामुळे भाऊ मारला गेला त्याला तो पुरला नाही, हे व्यासांनी लपवलेलं नाही. कीर्तन-प्रवचनांत शांतिपर्वातली नीती भरपूर येते, हे कोसळणं क्वचित येतं. खरं तर तेच आधी सांगायला हवं.

मराठीत सैनिकाची गोष्ट बहुतेक वेळा हौतात्म्यापाशी, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीपाशी संपते. जिवंत परतलेला माणूस लिहायचा तर फटाक्याचा आवाज आणि लगेच रणांगणाचा फ्लॅशबॅक ही वाट टाळावी, ती घासून गुळगुळीत झाली आहे. ‘माझ्या मनात अपराधी भावना आहे’ असं वाक्य त्याच्या तोंडी घालू नये. त्याऐवजी सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या गावात पारावर बसलेला ‘मेजर’ घ्या. कँटीनचं कार्ड, पेन्शनची तारीख, वाटणीची मोजणी, यावर तो तासभर बोलेल. पोरं विचारतील, किती मारले? तो एक ठरलेला किस्सा सांगेल, दरवेळी त्याच शब्दांत. किस्सा लिहून झाल्यावर त्यात कोणता साथीदार कधीच येत नाही ते शोधायचं. बायकोला ते नाव माहीत असतं का, एवढंच ठरवलं तरी कथेला सुरुवात करता येते.