सीमाभागातल्या लिव्हर रायफली आणि त्यांचे कागद

बेळगाव जिल्ह्यात राहून जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलींचा संग्रह करायचा म्हणजे नेमके काय करायचे, असे मला अनेकजण विचारतात, आणि माझे उत्तर बहुतेकांना अपुरे वाटते. अमेरिकेतला संग्राहक एकाच कारखान्याच्या एकाच नमुन्याच्या कितीतरी रायफली भिंतीवर ओळीने लावू शकतो. आपल्याकडे शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात आणि त्या दोनांत वारसाने आलेलीही धरली जाते. माझ्याकडे एकच आहे. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे रीतसर नोंद होऊन आलेली, विंचेस्टर या अमेरिकी कारखान्याची, १८९२ च्या नमुन्याची रायफल. बाकी माझा सारा संग्रह कागदांचा आहे: जुने परवाने, विक्रेत्यांच्या पावत्या, काडतुसांच्या नोंदी, रायफलींवरच्या खुणांची छायाचित्रे. सीमाभागात संग्रह करण्याजोगी पहिली वस्तू कागद हीच आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण कागद हरवला की त्यामागोमाग रायफलही जाते.

मात्र आधी रायफलीविषयी लिहिले पाहिजे, कारण तिची रचना समजल्याशिवाय तिच्यावर जीव जडत नाही. चापाभोवतीचे कडे आणि त्याला जोडून मागे गेलेली लांबट पकड मिळून लिव्हर तयार होते. ती खाली आणि पुढे ढकलली की बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी दट्ट्या, मागे सरकतो, उडालेल्या काडतुसाचे रिकामे कवच नळीतून ओढून बाहेर फेकले जाते, मागे येणारा बोल्टच घोडा चढवतो, आणि नळीखालच्या मॅगझीनमधून, म्हणजे काडतुसांच्या कोठारातून, स्प्रिंगने मागे लोटलेले नवे काडतूस वर उचलले जाते. लिव्हर परत वर घेतली की ते काडतूस नळीत बसते आणि बोल्टला कुलूप लागते. हे सगळे रायफल खांद्याला लावलेली असताना, एका हाताच्या दोन हालचालींत होते. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि गोळी एकामागून एक गजाने ठासणाऱ्या माणसाला १८६० च्या सुमारास हे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आजही करता येते, कारण खानापूर तालुक्यात डुकरांपासून भात राखण्यासाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक पाहिलेली माणसे अजून आहेत.

बेंजामिन टायलर हेन्री यांना १८६० मध्ये ज्या रायफलीचे पेटंट मिळाले, तिच्या मॅगझीनमध्ये सोळा काडतुसे मावत. १८६६ च्या विंचेस्टरमध्ये नेल्सन किंग यांनी बाजूने काडतुसे भरण्याचे झाकण दिले. १८७३ च्या नमुन्याने .४४-४० हे काडतूस आणले आणि तो नमुना सात लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. या तिन्हींमध्ये बोल्ट गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याने रोखला जाई, आणि मोठ्या दाबाची काडतुसे त्या सांध्याला झेपण्यासारखी नव्हती. अमेरिकी बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी १८८६ च्या नमुन्यासाठी केलेल्या रचनेत लिव्हर बंद होताच दोन उभ्या पोलादी पट्ट्या खालून वर चढतात आणि बोल्टला दोन्ही बाजूंनी अडवतात. माझ्याकडची १८९२ ची रायफल याच रचनेची लहान आवृत्ती आहे. ती उघडताना त्या पट्ट्या खाली उतरताना दिसतात, आणि सव्वाशे वर्षांनंतरही त्यांच्यात जराही ढिलाई आलेली नाही, याचे मला प्रत्येक वेळी कौतुक वाटते.

नळीखालच्या मॅगझीनमध्ये काडतुसे एकापुढे एक आडवी राहतात, म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकते, आणि म्हणून टोकदार गोळी तिथे चालत नाही. १८९५ च्या नमुन्यात ब्राउनिंग यांनी मॅगझीन चापापुढे पेटीसारखे बसवून ही अडचण दूर केली. पहिल्या महायुद्धात रशियाने या नमुन्याच्या जवळजवळ तीन लाख रायफली मागवल्या. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांच्याजवळ याच नमुन्याची .४०५ मापाची (माप म्हणजे नळीचा व्यास, इंचात) रायफल होती. हा नमुना ब्रिटिश फौजेच्या .३०३ काडतुसासाठीही निघाला होता, पण .३०३ हे फौजी माप असल्यामुळे आपल्याकडे खाजगी माणसाला ते आजही निषिद्ध आहे.

मार्टिनी-हेन्री ही मात्र लिव्हरने उघडणारी असली तरी एकबारी रायफल आहे; तिला मॅगझीन नाही. अमेरिकी संग्राहक तिला या वर्गात धरणार नाहीत. आपल्या भागात लिव्हर रायफलीचा विचार तिच्याशिवाय करता येत नाही, म्हणून मी तिला धरतो. ब्रिटिश फौजेने ती १८७१ मध्ये स्वीकारली. लिव्हर खाली केली की मागच्या पिनेवर फिरणारा ठोकळा पुढून खाली झुकतो, नळीचे तोंड उघडते आणि आतला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी खीळ, आपोआप चढतो. बाहेर घोडा दिसतच नाही. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार ठेवायचे, हे सरकारचे धोरण होते. १८८० मध्ये अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी होत्या आणि त्यांच्या शेजारी लढणाऱ्या मुंबई फौजेच्या देशी पलटणींकडे त्याआधीच्या स्नायडर रायफली. बेळगावच्या छावणीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला हा तपशील नुसता तांत्रिक वाटू शकत नाही.

पुढे मार्टिनी रायफली चोरट्या मार्गाने वायव्य सरहद्दीवर पोहोचू लागल्या, तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने मार्टिनीच्याच .४५० मापाच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणण्यावर बंदी घातली. त्यामुळे इंग्रज बंदूककारांना .४७० आणि .४६५ अशी नवी मापे काढावी लागली, आणि पुढच्या काळात शिकारीसाठी मागवलेल्या जड दुनळी रायफली म्हणूनच या मापांच्या आहेत. सरहद्दीवरच्या तस्करीचा परिणाम दख्खनमधल्या एखाद्या वाड्यातल्या बंदुकीच्या नळीवर कोरलेला असा वाचता येतो. त्याच सरहद्दीवरच्या गावठी कारागिरांनी मार्टिनीच्या हुबेहूब नकलाही केल्या. उलटे कोरलेले इंग्रजी अक्षर, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या मुद्रेखाली तिच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे १९०१ च्या पुढचे साल दिसले, तर ती नक्कल समजावी.

आता कागदांकडे वळतो. आमच्या घरच्या परवान्याचे तीन थर आहेत. सर्वांत जुना मुंबई प्रांताचा, इंग्रजीत. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचे शिक्के वेगळे, आणि १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाल्यानंतरच्या नोंदी कन्नडमध्ये. रायफल तीच, क्रमांक तोच, पण एखाद्या लेखनिकाने एक आकडा चुकीचा उतरवला तर तो दोष पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात तसाच उतरत राहतो. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. ज्या कुटुंबांची शेती आज तिकडे आणि घर इकडे आहे, त्यांच्या बंदुकीच्या मूळ नोंदी एका राज्यात आणि वारस दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती होते. आजच्या बेळगाव शहरातले शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, त्यामुळे तिथल्या जुन्या घराण्यांचे कागद ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात शोधून उपयोग नसतो. संस्थानी कागद मोडी लिपीत असतील तर मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो, आणि तो आता सहज मिळत नाही. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले; अभयारण्यात आणि त्याच्या दहा किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या परवानाधारकांनी आपली नोंद वनखात्याकडे करावी, अशी तरतूद वन्यजीव कायद्यात आहे, आणि तिकडच्या गावांतल्या लोकांनी तो कागदही जपला पाहिजे.

वारसाची नोंद वेळेवर झाली नाही की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. ठरलेली मुदत उलटली की ती सरकारजमा होते, आणि पुढे तिचे तुकडे होतात. मुले पुण्याला किंवा परदेशात, घरात एकटी वृद्ध आई, आणि निवडणुकीच्या काळात जमा केलेली बंदूक परत आणायला कोणी गेलेच नाही, अशा रीतीने चांगल्या रायफली गेलेल्या मी पाहिल्या आहेत. धारकाचे वय सत्तर झाले किंवा त्याने ती पंचवीस वर्षे बाळगली, की हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे, तरी ती फार थोड्यांना ठाऊक असते. शस्त्र कायद्याचे पंचेचाळीसावे कलम कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या, वापरण्याचा हेतू नसलेल्या आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारांना कायद्याबाहेर ठेवते, हे खरे आहे. परंतु त्या सवलतीसाठी नळीला भोक पाडून यंत्रणा निकामी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, असे मी कळकळीने सांगेन. शंभर वर्षांहून जुनी, सर्व अवयव मूळचे असलेली रायफल एकदा कापली की ती परत जुळवता येत नाही.

हीच गोष्ट घासूनपुसून चकचकीत करण्याची. नळीच्या मागच्या भागावरच्या बारीक खुणा म्हणजे रायफलीची जन्मपत्रिका असते. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या, बंदुकांच्या नळ्या तपासणाऱ्या चाचणीगृहाचा मुकुटाचा शिक्का असेल तर ती इंग्लंडमार्गे आली हे कळते, आणि ‘इंग्लिश बनावटीची नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असतील तर ती चाचणी १९२५ नंतरची ठरते. पॉलिश कागदाचे दोन हात फिरले की हे सगळे पुसले जाते. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तर मुळात चामड्याचे म्यानच नको, कारण चामडे ओल धरते आणि पोलादावर गंज त्याच्या आतून चढतो. खोबरेल कालांतराने खवट होते. शिलाई मशीनचे तेल, अगदी पातळ, सुती फडक्याने लावावे, आणि दस्त्याच्या लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हलका हात पुरतो.

माझ्या विंचेस्टरने माझ्या हयातीत एकही गोळी झाडलेली नाही. .४४-४० ची काडतुसे इथे मिळत नाहीत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारही थांबली, जे योग्यच झाले. तरी तिचा क्रमांक, मापाची खूण आणि शिक्के यांची स्वच्छ छायाचित्रे मी परवान्याच्या प्रतीसोबत ठेवली आहेत. सीमाभागात ज्यांच्या घरी अशी रायफल आहे किंवा एकेकाळी होती, त्यांनी एवढे जरूर करावे. रायफल जमा होऊन गेली असली तरी जुना परवाना रद्दीत घालू नये, कारण त्यावर कारखाना, क्रमांक, माप आणि कधी कधी विक्रेत्याचे नावही असते. अशा कागदांच्या छायाप्रती मी घेतो. धारकाचे नाव आणि पत्ता झाकून दिले तरी चालतात.