घोट्याची डिसॅबिलिटी पेन्शन आणि न सापडलेला इन्जुरी रिपोर्ट

"आपका इन्जुरी रिपोर्ट यहाँ नहीं आया है." सैनिकांचे सर्व्हिसचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला फोन लावला की हे एकच वाक्य कानावर पडायचं. पेन्शन सुरू झाली, थकबाकी मिळाली, तरी ते आठवलं की अजून डोकं तापतं. पुण्यात दिघी-विश्रांतवाडीकडे माझ्यासारखे माजी सैनिक पुष्कळ आहेत आणि गुडघा, पाठ, घोटा घेऊन घरी आलेला प्रत्येक जण मला याबद्दल विचारतो. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

दुखापत झाली ती बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्टमध्ये, म्हणजे आपल्या बीपीईटीत. नऊ फुटी डिच, म्हणजे चर, उडी मारून ओलांडताना डावा पाय कडेवर पडला आणि घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. प्लेट, स्क्रू, सिक लीव्ह, मग लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीमुळे खालची श्रेणी. सर्व्हिस पूर्ण करून हवालदार म्हणून घरी आलो. हाड जुळलं, पण सांधा आखडला तो आखडलाच. संध्याकाळी मोजा काढला की सुजेत रुतलेला वळ बराच वेळ जात नाही. उकिडवं बसता येत नाही. गिअर टाकताना डाव्या घोट्यात कळ यायची, म्हणून मोटारसायकल विकून स्कूटर घेतली.

घरी येण्याआधी रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे निवृत्तीच्या वेळची डॉक्टरांची तपासणी, झालं. बोर्डाने 20 टक्के डिसॅबिलिटी दिली. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळायला किमान तेवढे लागतात, त्यामुळे तिथे निभावलं. पण पुढच्या रकान्यात सर्व्हिसमुळे झालं का? नाही. सर्व्हिसमुळे वाढलं का? तेही नाही. कारण काय, तर इन्जुरी रिपोर्ट उपलब्ध नाही. त्याच एका ओळीवर क्लेम नामंजूर झाला.

आता हा रिपोर्ट म्हणजे आयएएफवाय-2006 नावाचा फॉर्म. माणूस ड्यूटीवर होता की नव्हता, हे कमांडिंग ऑफिसर त्यावर सही करून सांगतात. माझा फॉर्म भरला गेला होता, साहेबांची सही माझ्या डोळ्यांदेखत झाली होती. मधल्या काळात युनिटने स्टेशन बदललं. युनिटला विचारलं तर म्हणे रेकॉर्डला पाठवला. रेकॉर्डला विचारलं तर म्हणे युनिटकडे बघा. पत्र पाठवायचं, पोचपावती यायची, मग सामसूम. फोन केला की क्लार्क बदललेला, आणि पुन्हा आर्मी नंबरपासून सुरुवात. एकाने तर सरळ सांगितलं, कागद नाही म्हणजे दुखापत ड्यूटीवर झाली असं धरता येत नाही. पायात सरकारी प्लेट, सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन, नंतरची सगळी वर्षं कॅटेगरी, आणि तरी धरता येत नाही! कागद सांभाळायची जबाबदारी ज्यांची, त्यांना कुणी काही विचारत नाही आणि शिक्षा मात्र लंगडणाऱ्याला. हा अन्याय आहे. माझ्या ओळखीतले दोघं-तिघं याच वळणावर कंटाळून सोडून बसलेत, याचं मला फार वाईट वाटतं.

मला वाट दाखवली ती आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी. हेडक्लार्की केलेला माणूस. म्हणाले, "अरे, तो एकच कागद काय धरून बसलायस? त्या कागदाचा उल्लेख कुठे कुठे आलाय ते शोध."

मग आरटीआय टाकला. दहा रुपये फी, ऑनलाइन होतो. त्यात "माझा क्लेम का नाकारला" असं विचारत बसू नका, उत्तर गोलमोल येतं. सरळ कागद मागा: ऑपरेशनच्या वेळची केस शीट, हॉस्पिटल अ‍ॅडमिशनची पार्ट टू ऑर्डर (युनिटने काढलेली सर्व्हिसची अधिकृत नोंद), आणि कॅटेगरी पुन्हा ठरवणाऱ्या प्रत्येक री-कॅट बोर्डाची प्रत, म्हणजे एएफएमएसएफ-15. उत्तराची मुदत 30 दिवस. माझं पहिलं उत्तर अर्धवट आलं. आरटीआयचं पहिलं अपील केलं, तेव्हा जाडजूड पाकीट घरी आलं.

ते पाकीट मी जेवणाच्या टेबलावर उघडलं आणि एकेक बोर्ड वाचत गेलो. प्रत्येक री-कॅट बोर्डात लिहिलं होतं: बीपीईटीदरम्यान दुखापत, सर्व्हिसमुळे, होय. पहिल्या बोर्डात तर इन्जुरी रिपोर्टची तारीखसुद्धा होती. म्हणजे इतकी वर्षं लष्कराचेच डॉक्टर हो म्हणत आले आणि फक्त शेवटच्या बोर्डाने नाही म्हटलं. मी मंडळींना हाक मारून ती ओळ वाचायला लावली.

क्लेम नामंजूर झाल्यावर त्याविरुद्धच्या अपिलाला मुदत सहा महिन्यांची असते. कागद येईपर्यंत थांबू नका. मी अपील मुदतीत पाठवलं आणि आरटीआयचे कागद मागाहून जोडले. सोबत सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग खटल्याचा 2013चा निकाल लावला. भरती होताना नोंद नसलेला आजार नंतर निघाला तर सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही आणि संशयाचा फायदा जवानाला, असं त्यात स्पष्ट आहे. पहिल्या अपिलातच दुखापत सर्व्हिसमुळे झाल्याचं मान्य झालं. इन्जुरी रिपोर्ट आजतागायत सापडलेला नाही, आणि त्याच्यावाचून काही अडलंही नाही.

राउंडिंगसाठी, म्हणजे डिसॅबिलिटीचे टक्के वरच्या टप्प्याला धरून घेण्यासाठी, मात्र आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या मुंबई खंडपीठाकडे जावं लागलं. पूर्ण सर्व्हिस करून आलेल्यांनाही 20चे 50 धरावेत, हा राम अवतार प्रकरणातला डिसेंबर 2014चा निकाल आहे, त्यामुळे तिथे वकिलांना फार बोलावं लागलं नाही. हिशोब समजून घ्या: 100 टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात. म्हणजे 20ला सहा टक्के आणि 50 धरले की पंधरा. फरक दरमहा, आयुष्यभराचा. उशीर केलात तर जुनी सगळी थकबाकी मिळेलच असं नाही, म्हणून "बघू पुढे" म्हणू नका. 21 सप्टेंबर 2023पासून नवे नियम लागू आहेत, त्यानंतर आलेल्यांनी माझा हिशोब जसाच्या तसा धरू नये.

अजून सर्व्हिसमध्ये असलेल्यांसाठी: पीटी आणि युनिटने भरवलेले खेळ ड्यूटीतच धरतात. रिपोर्टवर नुसतं "खेळताना पडला" असं लिहू देऊ नका, कुणाच्या आदेशाने, कुठल्या परेडला, हे लिहून घ्या आणि त्याच दिवशी झेरॉक्स काढून घरी पाठवा. बोर्डात घोटा तपासताना डॉक्टर कोनमापक लावून पाय वर-खाली किती वाकतो ते मोजतात. तेव्हा दात-ओठ खाऊन जास्त वाकवून दाखवू नका. जिथे दुखतं तिथे थांबा आणि तसं सांगा. एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊन काढायला सांगा, सांध्यातली झीज त्यात नीट दिसते.

थकबाकीतले टक्के मागणारे एजंट कँटीनच्या रांगेतसुद्धा भेटतात. त्यांच्या हातात मूळ कागद देऊ नका. घोरपडीला राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर सैनिक कल्याण विभागाचं ऑफिस आहे. अपिलाचा मसुदा घेऊन आधी तिथे जा, जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मेडिकल बोर्डाची प्रत सोबत ठेवा.