कोरी मतदार

२०२४च्या डिसेंबरात ब्रुकलिनच्या कोर्टात नागरिकत्वाची शपथ घेतली आणि बाहेर पडते तोच एका बाईंनी मतदार नोंदणीचा फॉर्म हातात ठेवला. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर लिहिलं. मग एक रकाना आला: तुमचा पक्ष कोणता?

मी थबकलेच. मी ठाण्याची. आमच्याकडे आई कुणाला मत देते हे इतक्या वर्षांच्या संसारात बाबांना कळलेलं नाही. त्यांनी आडून आडून विचारून पाहिलं, एका लोकसभेला तर चांगली वादावादी झाली, पण बाई बधली नाही. तिची मुलगी असून मी सरकारी कागदावर पक्ष लिहून देऊ? "कोणताच नाही"पुढे ठसठशीत खूण केली आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश होत सबवेत बसले.

इथे अशा मतदाराला 'ब्लँक' म्हणतात. कोरा. न्यूयॉर्क शहरात आम्ही कोरे दहा लाखांहून जास्त आहोत.

कोरं असणं म्हणजे काय ते २०२५च्या २४ जूनला कळलं. त्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी (म्हणजे महापौरपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) होती आणि ऊन मी म्हणत होतं. पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास. घामाघूम होऊन जवळच्या शाळेत पोचले. टेबलामागच्या आजोबांनी टॅबलेटवर नाव शोधलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, तुम्ही पक्षात नाही, तुम्हाला आज मत नाही. बदल करायची मुदत कधी होती? १४ फेब्रुवारी. आजोबांनी माझा चेहरा पाहून पाण्याची बाटली पुढे केली.

या शहरातले जवळजवळ दोन तृतीयांश मतदार डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले आहेत. त्यामुळे ती प्रायमरी जिंकणारा बहुतेक वेळा महापौर होतोच. म्हणजे लग्न जूनमध्येच लागतं, ४ नोव्हेंबरला असतं ते रिसेप्शन. मला आमंत्रण रिसेप्शनचं.

आणि जूनचं लग्न बघण्यासारखं होतं हो! पसंतीक्रमाने पाच नावं लिहायची सोय होती. (ती प्रायमरीत. नोव्हेंबरात साधा हिशेब, ज्याला जास्त मतं तो जिंकला.) अ‍ॅस्टोरियाचे तेव्हाचे तेहेतीस वर्षांचे आमदार झोहरान ममदानी यांनी ही भानगड हिंदीतून, लस्सीचे ग्लास मांडून समजावली होती. तो व्हिडिओ मला भारतातूनच चार जणांनी पाठवला. माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो सहज जिंकतील असं सगळे धरून चालले होते. शेवटच्या फेरीत ममदानींना ५६ टक्के मिळाले आणि कुओमोंना जवळपास ४४. हरलेले कुओमो मग अपक्ष उभे राहिले. तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्सही अपक्ष होते, त्यांनी सप्टेंबरअखेर माघार घेतली आणि ऐन भाऊबीजेला कुओमोंना पाठिंबा दिला. माघार उशिरा घेतल्यामुळे त्यांचं नाव मतपत्रिकेवर तसंच राहिलं. रिपब्लिकनांकडून लाल बेरे टोपीवाले कर्टिस स्लिवा. आमच्या मजल्यावरच्या पोलिश आजींचं मत त्यांना, कारण ते मांजरांना जीव लावतात. यापेक्षा वाईट कारणांनी लोक मतं देताना मी पाहिले आहेत.

रविवारी बाबांना हे सगळं फोनवर सांगत होते.

"अगं, पण महापौरासाठी एवढा आटापिटा कशाला? महापौर काय करतो? हार घालतो."

त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे महापौर नगरसेवकांतून निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी, आणि आधी आरक्षणाची सोडत निघते. कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे, आणि आयुक्त येतात राज्य सरकारकडून. ठाण्यात तर तेव्हा मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, सगळा प्रशासकाचा कारभार.

"बाबा, इथे उलटं आहे. पोलिसांचे आयुक्त, कचऱ्याचे आयुक्त, सगळे महापौर नेमतो. शाळासुद्धा त्याच्याच हाताखाली."

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि वाईट निघाला तर?"

"तर चार वर्षं बसा."

मला स्वतःला कळीचा प्रश्न वाटतो तो घरभाड्याचा. आमचा फ्लॅट 'रेंट स्टॅबिलाइज्ड' आहे; असे सुमारे दहा लाख फ्लॅट शहरात आहेत. त्यांची भाडेवाढ मालक ठरवत नाही, नऊ जणांचं एक मंडळ ठरवतं, आणि हे नऊही जण महापौर नेमतो. जून २०२५ मध्ये मंडळाने एका वर्षाच्या करारावर ३ टक्के आणि दोन वर्षांच्या करारावर ४.५ टक्के वाढ मंजूर केली. आमचं करार-नूतनीकरणाचं पत्र फराळाच्या डब्याखाली पडलंय, चकलीच्या तेलाचा डाग घेऊन. एक वर्ष की दोन, यावर खूण करायची आहे. पुढच्या वर्षी भाडी गोठणार असतील तर एकच वर्ष घेणं शहाणपणाचं. नसतील तर दोन. महापौरपदाची निवडणूक माझ्या घरात ही अशी, तेलकट कागदावर येऊन बसली आहे. ममदानी म्हणतात गोठवू, आणि ते अशक्य नाही. माजी महापौर डी ब्लाझिओंच्या काळात एका वर्षाच्या करारांसाठी असं झालंय. पण आमच्या इमारतीचा बॉयलर दर जानेवारीत रुसतो. भाडं गोठलं की तो दुरुस्त कोण करणार, हा मालकाचा प्रश्न मला पूर्ण खोटा वाटत नाही.

फुकट बसचं मात्र मी फार मनावर घेत नाही. बस चालवणारी संस्था राज्याची, पैसे सोडायचे ते राज्याच्या राजधानीतून, ऑल्बनीहून. तिकीट २०२५ मध्ये २.९० डॉलर होतं, जानेवारी २०२६ पासून ३.

घरात सगळ्यात ठाम मत आहे नवऱ्याचं, आणि त्याला मत नाही. तो अजून ग्रीन कार्डावर. अशा, नागरिक नसलेल्या सुमारे आठ लाख लोकांना महापालिकेपुरतं मत द्यावं असा कायदा नगर परिषदेने २०२१ मध्ये केला होता. राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द केला. तेव्हापासून नवरा माझ्या मताकडे संयुक्त खात्यासारखं बघतो. नमुना मतपत्रिका छापून त्याने फ्रिजवर लावली आहे. ममदानी आणि स्लिवा, दोघांचीही नावं तीवर दोन-दोनदा आहेत, कारण दोन-दोन पक्षांच्या ओळी. गोल मात्र एकच काळा करायचा. मागच्या बाजूला सहा प्रश्न. पहिला चक्क डोंगरातल्या ऑलिंपिक क्रीडासंकुलाचा, कारण तो सगळ्या राज्याला विचारला आहे. मग तीन घरबांधणीचे, पाचवा शहराच्या नकाशाचा, आणि सहावा म्हणतो शहराची निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीच्या वर्षीच घेऊ या का. पुढच्या बाजूला त्याने पेन्सिलीने एक गोल भरूनही ठेवलाय.

मुख्य दिवसाआधीचं लवकर मतदान २५ ऑक्टोबरला, शनिवारी सुरू होतंय. मी रविवारी दुपारी जाणार, पहिल्या दिवशी गर्दी असेल. नवरा गाडीने सोडतो म्हणाला. मी म्हटलं, दारापर्यंत सोड.

"मग सांगशील ना?"

मी त्याच्या ताटलीत एक चकली वाढली.